सोळा जीबीतल्या ओव्या

भाऊबीजेची ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि धाकटी बहीण म्हणाली, "दादा, आत्याच्या ओव्या लाव ना." आत्याला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्याच्या तीन वर्षं आधी भोर तालुक्यातल्या तिच्या गावी, पडवीत बसून मी तिच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. तेव्हा ती ब्याऐंशीची होती. जातं केव्हाच तुळशीपाशी जाऊन पडलं होतं, पण हाताची सवय अशी की गाताना तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरत राहायचा. दोन दिवसांत ४६ फाइल्स झाल्या. घरी येऊन त्या कॉम्प्युटरवर घेतल्या, तिथून १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर. पुढे मोबाइल बदलला. जुना कॉम्प्युटर एका गरजू मुलाला दिला, देण्यापूर्वी पुसून दिला. पेन ड्राइव्ह मात्र आईच्या गोदरेजच्या कपाटात, चांदीच्या करंड्याशेजारी जपून ठेवलेला होता. सोन्यानाण्याबरोबर ठेवला म्हणजे सुरक्षित ठेवला, अशी माझी समजूत होती.

तो काढला, कॉम्प्युटरला लावला. जोडणीचा 'टिंग' आवाज आला, सगळे सरसावून बसले आणि पडद्यावर चौकट उमटली: या ड्राइव्हमधली डिस्क वापरण्याआधी ती फॉरमॅट करावी लागेल, फॉरमॅट करायची आहे का? माऊस भाच्याच्या हातात होता. मुलगा पंधरा वर्षांचा, हात चपळ. मी चष्मा शोधेपर्यंत त्याने होकार दिला, पुढच्या चौकटीत 'स्टार्ट' दाबलं, त्यापुढच्या सूचनेला 'ओके' केलं. "मामा, झालं. उघडला." उघडला होता खरा. आत काही नव्हतं. १४.९ जीबी जागा मोकळी आहे, एवढंच लिहिलेलं होतं.

भाच्याचा यात दोष नाही. कॉम्प्युटरने प्रश्न असा विचारला होता की होकार हेच शहाणपणाचं उत्तर वाटावं. घरातल्या कुणालाही, मलासुद्धा, त्या प्रश्नाला 'नाही' म्हणायचं असतं हे कधी कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानंतरचं वर्षभर मी दुरुस्तीच्या दुकानांत, डीटीपीवाल्यांकडे, झेरॉक्सच्या टपऱ्यांवर हीच चौकशी करत हिंडलो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. पेन ड्राइव्हच्या बिघाडात माणसं जे गमावतात, त्यातलं बरंचसं बिघाडानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत, स्वतःच्या हाताने गमावतात. म्हणून हा लेख.

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची दाटी आहे. तिथल्या एका जिन्याखालच्या दुकानात मी दिवाळीनंतर तो पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. दुकानदार साठीचे, डोळ्याला भिंग लावून एका मदरबोर्डवर वाकलेले. मी सगळी हकिगत सांगू लागलो, तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि एकच प्रश्न विचारला, "फॉरमॅटनंतर यात काही टाकलंत का?" नाही म्हटलं. "मग बसा," ते म्हणाले. त्या 'बसा'ने मला किती धीर आला, ते आजही सांगता येणार नाही.

त्यांनी समजावलं ते असं. विंडोज फॉरमॅटच्या चौकटीत 'क्विक फॉरमॅट'ची खूण आधीच केलेली असते. क्विक फॉरमॅटमध्ये फाइल्स पुसल्या जात नाहीत, त्यांची नोंदवही कोरी होते. तलाठ्याच्या दप्तरातली सातबाऱ्याची पानं फाडून टाकली म्हणून शेतं कुठे जात नाहीत; कुणाचं शेत कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, एवढंच कळेनासं होतं. पण त्या जमिनीवर दुसऱ्या कुणी नांगर घातला, म्हणजे नवी फाइल त्याच जागी लिहिली, की जुनं पीक गेलं ते गेलंच. आणि भाच्याने ती क्विकची खूण काढली असती तर? मग काहीच उरलं नसतं. विंडोज एक्सपीपर्यंत पूर्ण फॉरमॅट फक्त खराब जागा तपासत असे. व्हिस्टापासून पुढे तो सगळ्या जागेवर शून्यं लिहीत जातो. एका बारक्या चौकोनातल्या खुणेने आत्याचा आवाज वाचला होता.

पण मुळात नोंदवही बिघडली कशी? दुकानदार म्हणाले, दोन शक्यता आहेत आणि कुठली ते आता सांगता येणार नाही. एक म्हणजे कॉपी करताना घाईने ओढून काढला असेल. आपल्याला पडद्यावर काम संपलेलं दिसतं, तरी कधी कधी शेवटचा मजकूर कॉम्प्युटरच्या स्मृतीतून ड्राइव्हवर उतरायचा बाकी असतो. त्या क्षणी ड्राइव्ह निघाला तर फाइल अर्धी राहते, आणि नोंदवही लिहिली जात असेल तर नोंदवहीच अर्धी राहते. २०१८च्या अखेरीस आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून, ड्राइव्ह सरळ काढला तरी चालावा अशी मांडणी मूळपासूनच ठेवलेली असते, त्यामुळे 'सेफली रिमूव्ह'ची गरज संपली असं तरुण मुलं सांगतात. माझा सल्ला वेगळा आहे. लिहिणं चालू असताना काढलेला ड्राइव्ह कुठल्याही आवृत्तीत बिघडू शकतो. दिवा लुकलुकायचा थांबल्याशिवाय आणि सेफली रिमूव्ह केल्याशिवाय हात लावू नये. त्याला तीन सेकंद लागतात.

दुसरी शक्यता कपाटाची. ही मला नवी होती, आणि ती समजायला पेन ड्राइव्हच्या पोटात शिरावं लागलं.

पेन ड्राइव्हमध्ये फिरणारं काही नाही, चुंबकही नाही. आत असते ती फ्लॅश मेमरी. जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती शोधली, आणि १९८४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत जगापुढे मांडली. एका झटक्यात मोठा भाग पुसला जातो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा, म्हणून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी तिला 'फ्लॅश' हे नाव सुचवलं. आज पेन ड्राइव्हमध्ये असते ती 'नँड' जातीची फ्लॅश मासुओकांनीच १९८७मध्ये मांडली. तिच्यातली प्रत्येक कोठडी विजेचा अगदी थोडा भार कोंडून ठेवते. भोवती काचेसारख्या विरोधक पदार्थाची अतिपातळ भिंत असते. भार आहे की नाही, आणि असला तर किती, यावरून त्या कोठडीतला आकडा ओळखायचा. लिहिताना आणि पुसताना भार त्या भिंतीतून ढकलला जातो, आणि दर वेळी भिंत किंचित झिजते. म्हणून फ्लॅशला आयुष्य असतं. एका कोठडीत एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या महागड्या चिप सुमारे एक लाख वेळा पुसून लिहिता येत. आज स्वस्त ड्राइव्हमध्ये एका कोठडीत तीन बिट कोंबतात, आणि तो आकडा हजाराच्या आसपास येतो. ड्राइव्हमधली नियंत्रक चिप ही झीज सगळीकडे सारखी वाटून देते, कुठली जागा थकली ती बाजूला काढते.

आणि कोंडलेला भार न वापरताही हळूहळू झिरपतो. उष्णतेत जास्त झिरपतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डॅशबोर्डवर, लोखंडी कपाटात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. नवा, कमी वापरलेला ड्राइव्ह वर्षानुवर्षं मजकूर धरून ठेवतो, हे खरं. पण वापरून झिजलेला, हलक्या दर्जाचा ड्राइव्ह लिहून ठेवला आणि चार वर्षं विसरला, तर त्यात काय उरेल याची हमी कुणी देत नाही. ताम्रपट ठेवावा तसा मी पेन ड्राइव्ह ठेवला होता. त्याचं काम नेण्या-आणण्याचं आहे, आणि त्यासाठीच तो जन्माला आला.

त्याचा जन्मही तसा अलीकडचा. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६मध्ये आली. ती घडवणाऱ्या इंटेलमधल्या चमूचे प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले; बडोदा म्हटल्यावर मराठी मनाला जे वाटतं ते मलाही हे वाचून वाटलं. घरी प्रिंटर जोडताना बायको-मुलीला होणारा त्रास पाहून हे सुचलं, असं त्यांनी सांगितलेलं आहे. यूएसबी दोन्ही बाजूंनी लागेल अशी का केली नाही, यावरही त्यांचं उत्तर आहे: तारा दुप्पट लागल्या असत्या, खर्च वाढला असता. पहिले पेन ड्राइव्ह २०००मध्ये बाजारात आले. सिंगापूरच्या ट्रेक २००० कंपनीने 'थम्बड्राइव्ह' काढला, इस्रायलच्या एम-सिस्टिम्सचा 'डिस्कऑनकी' आयबीएमने विकला. क्षमता ८ एमबी, म्हणजे १.४४ एमबीच्या पाच फ्लॉप्यांहून थोडी जास्त. आत्याची एक ओवी त्यात मावली असती, फार तर दोन-तीन.

आता घरी करायचं काय, याकडे येतो. दुकानदारांकडे चार-पाच वेळा बसल्यावर माझ्या लक्षात आलं की गिऱ्हाईक ड्राइव्ह टेबलावर ठेवतं तेव्हा ते वैद्याने नाडी धरावी तसे ठरलेले प्रश्न विचारतात. लावल्यावर आवाज येतो का? दिवा लागतो का? नाव दिसतं का? आणि आकडा किती दाखवतो? या उत्तरांवर दुखणं कुठल्या अवयवात आहे ते ठरतं.

आवाजही नाही आणि दिवाही नाही, तर आधी ड्राइव्हवर संशय घेऊ नये, खाचेवर घ्यावा. डेस्कटॉपच्या डब्याच्या पुढच्या बाजूला असलेल्या यूएसबी खाचा आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेल्या असतात. ती वायर सैल होते, खाचेत धूळ बसते, मुलांच्या धक्क्याने पत्रा वाकतो. मागच्या खाचा थेट मदरबोर्डवर असतात. ड्राइव्ह मागच्या खाचेत लावून पाहावा, मधला हब किंवा एक्स्टेन्शन वायर काढून टाकावी, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहावा. दुसरीकडे चालला तर ड्राइव्ह निर्दोष. बुधवार पेठेतले ते गृहस्थ म्हणाले की 'मेलेला' म्हणून येणाऱ्या ड्राइव्हपैकी कित्येक त्यांच्या टेबलावर लावताच जिवंत होतात, आणि अशांचे ते पैसे घेत नाहीत. लॅपटॉप असेल तर तो बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरावं आणि मग पुन्हा सुरू करावा. अडकलेली खाच कधी कधी मोकळी होते. लावताच ड्राइव्ह चटका बसेल इतका तापत असेल तर मात्र लगेच काढावा आणि पुन्हा प्रयोग करू नयेत. आत शॉर्ट आहे.

तोंड वाकलेला ड्राइव्ह बघून माणसं सगळ्यात जास्त हताश होतात. खरं तर तो सुधारायला बरेचदा सोपा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एका पोटमाळ्यावर मी हे डोळ्यांनी पाहिलं. एका विद्यार्थिनीचा ड्राइव्ह. लॅपटॉपला लावलेला असताना पिशवीचा बंद त्याला अडकला आणि तोंड जवळजवळ तुटून लोंबत होतं. आत तिचं पीएचडीचं काम. यूएसबी २च्या जोडणीत चारच तारा असतात: पाच व्होल्टची एक, जमिनीची एक, आणि माहितीच्या दोन. कारागिराने आवरण काढलं, सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेले चार बिंदू शोधले, जुन्या केबलच्या चार तारा त्यांना डाग देऊन जोडल्या. वीस मिनिटांत फोल्डर पडद्यावर आलं. मुलगी काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. कारागिराने तिला बजावलं, की हा ड्राइव्ह आता वापरायचा नाही, आतलं काढून घ्यायचं आणि ठेवून द्यायचा. घरी सेलोटेप लावून, दाबून धरून चालवायचा मोह टाळायला हवा, तो याचसाठी. सैल तोंडाने शॉर्ट झालं की चिपच जाते. अगदी नखाएवढे जे ड्राइव्ह मिळतात त्यांत सगळं एकाच तुकड्यात ओतलेलं असतं. तो तुकडा गेला की काम प्रयोगशाळेचं, आणि खर्च ड्राइव्हच्या किमतीच्या अनेक पट. महत्त्वाच्या कामासाठी नखाएवढा ड्राइव्ह घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आवाज येतो पण 'धिस पीसी'मध्ये नाव दिसत नाही, हा प्रकार घरोघरी होतो. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावं. तिथे ड्राइव्ह दिसत असेल, फक्त त्याला एफ, जी असं अक्षर मिळालेलं नसेल, तर उजव्या क्लिकने अक्षर द्यावं, तो लगेच प्रकटतो. त्याच पडद्यावर 'रॉ' लिहिलेलं असेल तर ती आमची भाऊबीजेची अवस्था: नोंदवही बिघडली, फॉरमॅटला नकार द्यायचा. 'नो मीडिया' असेल किंवा आकडा शून्य असेल, तर नियंत्रक चिप जागी आहे पण तिला मेमरी सापडत नाही. तिथे घरगुती उपाय संपतात.

कधी ड्राइव्ह सगळं दाखवतो, पण नवं काही घेत नाही. 'राइट प्रोटेक्टेड' म्हणतो. काही ड्राइव्हना बाजूला बारीक कडी असते, ती सरकलेली असते. ती नसेल, दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच होत असेल, तर बहुधा ड्राइव्हने स्वतःच दार लावून घेतलेलं असतं. झीज झाली, आता लिहिणं धोक्याचं, असं नियंत्रकाला कळलं की तो फक्त वाचू देतो. ती कुलपं तोडण्याचे मंत्र सांगणारे व्हिडिओ खंडीभर आहेत. त्यांच्या नादी लागू नये. वाचता येतंय तोवर सगळं दुसरीकडे उतरवून घ्यावं आणि त्या ड्राइव्हला सुट्टी द्यावी.

लग्नाच्या फिल्मचं दुखणं वेगळंच. फोटोवाल्याने दिलेली फिल्म ६४ जीबीच्या रिकाम्या ड्राइव्हवर टाकायला जावं, तर फाइल फार मोठी आहे म्हणून उत्तर येतं. जागा भरपूर असते. अडचण नोंदवहीच्या जुन्या पद्धतीची, 'फॅट३२'ची असते. तिच्यात एका फाइलचा आकार लिहायला जेवढे रकाने आहेत, त्यांत ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढचा आकडा मावतच नाही. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून ड्राइव्ह 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट केला की अडचण सुटते. पण मग जुना टीव्ही किंवा गाडीचा म्युझिक प्लेअर तो वाचत नाही, कारण त्यांना फॅट३२च कळतं. घरात दोन ड्राइव्ह ठेवावेत: भजनं-गाणी आणि टीव्हीसाठी फॅट३२चा, मोठ्या फाइल्ससाठी एक्सफॅटचा. आमच्या शेजारच्या काकूंनी दोन रंगांचे दोरे बांधून हा प्रश्न कायमचा मिटवला आहे.

आता त्या १४.९चं. १६ जीबी विकत घेतले आणि १४.९ दिसतात म्हणून दुकानदाराशी भांडणारे मी पाहिले आहेत. ती फसवणूक नव्हे. कारखानदार एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ धरतं. खरी फसवणूक फुटपाथवर आणि स्वस्ताईच्या जाहिरातींत असते. किरकोळ किमतीत एक किंवा दोन टीबीचा पेन ड्राइव्ह. आत चिप ३२ जीबीची, पण नियंत्रकाला खोटं बोलायला शिकवलेलं. कॉम्प्युटर विचारतो जागा किती, तो सांगतो दोन हजार जीबी. खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर आलेलं तो सरळ टाकून देतो किंवा आधीच्यावर गिरवतो, आणि नावांची यादी मात्र पूर्ण दाखवत राहतो. माणसाला कळतं ते सहा महिन्यांनी, सहलीचे फोटो उघडताना. याच्यावर एक फुकट औषध आहे: 'एचटूटेस्टडब्ल्यू' हा छोटा प्रोग्रॅम, एका जर्मन संगणक नियतकालिकासाठी लिहिलेला. तो ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि परत वाचून पाहतो. लिनक्सवाल्यांना 'एफथ्री' आहे. नवा ड्राइव्ह आणला की तो रिकामा असतानाच ही परीक्षा घ्यावी. रात्रभर चालली तरी चालेल.

आणि झेरॉक्सची टपरी. कॉलेजांबाहेर, तहसील कचेरीबाहेर, दहावी-बारावीच्या अर्जांच्या दिवसांत तिथल्या एका कॉम्प्युटरला दिवसभरात किती पेन ड्राइव्ह लागतात ते उभं राहून पाहावं. एकाचं आजारपण सगळ्यांना. घरी येऊन ड्राइव्ह उघडावा तर प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट, कोपऱ्यात छोटा बाण असलेला. त्यावर दोनदा क्लिक केलं की फोल्डर उघडतं, म्हणून शंका येत नाही. पण उघडता उघडता व्हायरस घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की खरे फोल्डर तिथेच असतात, फक्त लपवलेले. बाणाला हात न लावता आधी अँटिव्हायरसने ड्राइव्ह तपासावा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ॲट्रिब' ही डॉसच्या काळापासूनची आज्ञा देऊन लपवलेले फोल्डर उघडे करता येतात. परिसरातला कुठलाही हार्डवेअरवाला ती पाठ म्हणतो. फाइल्स काढून घ्याव्यात आणि मग, इथेच, फॉरमॅट करावा. फॉरमॅट वाईट नाही. आतलं काढून घेण्याआधी केलेला फॉरमॅट वाईट.

एके काळी तर नुसता ड्राइव्ह लावला की आतला प्रोग्रॅम आपोआप सुरू होई. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११मध्ये जुन्या विंडोजमध्येही ती सोय बंद केली. त्याआधीच, २०१०मध्ये, इंटरनेटला न जोडलेल्या इराणच्या नतान्झ अणुप्रकल्पात 'स्टक्सनेट' हा घातक प्रोग्रॅम शिरल्याचं उघड झालं होतं, आणि त्याच्या फैलावाचा मोठा मार्ग यूएसबी ड्राइव्ह हाच होता. त्याला शॉर्टकटवर क्लिकचीही गरज नव्हती. फोल्डर उघडून शॉर्टकटची चित्रं नुसती दिसली तरी पुरत असे. रस्त्यात सापडलेला ड्राइव्ह कुतूहलाने लावून पाहू नये, हे यामुळे सांगायचं. जाता जाता: या लढाईत आपल्याकडचं एक घर आहे. सातारा जिल्ह्यातून आलेल्या काटकर कुटुंबातले कैलास पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, धाकट्या संजयने अँटिव्हायरस लिहिला, आणि त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. दुरुस्तीच्या टेबलावर आलेल्या व्हायरसग्रस्त मशिनांतून तिची सुरुवात झाली, याचं मला अप्रूप वाटतं.

मराठी घरांत एक बिघाड असा येतो की जो बिघाडच नसतो. सदाशिव पेठेतल्या एका डीटीपीवाल्या बाईंनी तो दाखवला. एक निवृत्त शिक्षक आपल्या आत्मचरित्राचा पेन ड्राइव्ह घेऊन आले होते. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा चिवडा. व्हायरस आला म्हणून मुलाने ती पुसायला सांगितली होती. मजकूर श्रीलिपीत टाइप केलेला होता, आणि घरच्या नव्या कॉम्प्युटरवर तो फाँट नव्हता, एवढंच. युनिकोडच्या आधी आपल्याकडे प्रत्येक फाँटने मराठी अक्षरांना आपापले वेगळे आकडे दिले होते. फाँट नसला की त्या आकड्यांवरची इंग्रजी चिन्हं दिसतात. बाईंनी फाँट लावला, आणि 'माझा जन्म' हे पहिलं प्रकरण पडद्यावर उभं राहिलं. मग सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दिला. ज्यांच्याकडे असं जुनं लेखन आहे त्यांनी हे काम लांबवू नये. ते फाँट चालवणारी मशिनं आणि माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

आता ओव्यांकडे. दुकानदारांनी सर्वांत आधी माझ्या ड्राइव्हची, रिकामी दिसणाऱ्या जागेसकट, एक जशीच्या तशी प्रतिमा आपल्या हार्ड डिस्कवर घेतली आणि ड्राइव्ह काढून मला परत दिला. पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर. मूळ वस्तूवर प्रयोग करायचे नाहीत, हा त्यांचा पहिला नियम. प्रोग्रॅम वापरला 'फोटोरेक', ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने लिहिलेला, कुणालाही फुकट मिळणारा. नाव फोटोचं, पण तो ध्वनी, चित्रं, कागदपत्रं सगळं शोधतो. नोंदवहीकडे तो पाहतच नाही. ड्राइव्हची प्रत्येक जागा चालत जाऊन, कुठल्या प्रकारची फाइल कशा खुणेने सुरू होते ते ओळखतो आणि तिथून ती उचलतो. त्याचाच जोडीदार 'टेस्टडिस्क'. फॅट३२ आपल्या नोंदवहीच्या दोन प्रती ठेवतं आणि पहिल्या पानाचीही एक राखीव नक्कल ठेवतं. भाऊबीजेला आम्ही 'नाही' म्हटलं असतं, तर कदाचित टेस्टडिस्कने त्या नकलेवरून सगळं नावांसकट उभं केलं असतं. फॉरमॅटमध्ये त्या दोन्ही प्रती कोऱ्या झाल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत ४१ फाइल्स मिळाल्या. पाच मिळाल्या नाहीत. जी फाइल सलग न लिहिता तुकड्यातुकड्यांत पडलेली असते, तिचे तुकडे जोडणारी नोंद गेली की ती फुटते. त्या पाच तशा असाव्यात. मिळालेल्यांना नावं नव्हती. 'विठ्ठल', 'माहेर', 'लेकीची पाठवणी' अशी मी दिलेली नावं जाऊन नुसते आकडे उरले होते. मग आम्ही, मी आणि भाचा, रोज रात्री बसून एकेक ऐकत गेलो आणि नाव देत गेलो. भाच्याला शब्द कळायचे नाहीत. कांडण म्हणजे काय, जातं ओढणं म्हणजे काय, आत्या भावाला उद्देशून का गाते, हे तो विचारायचा आणि मी सांगायचो. एका ओवीच्या शेवटी आत्या मध्येच थांबून मला विचारते, "चहा घेतोस का रे?" ती फाइल आम्ही तीन वेळा ऐकली.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि आज त्यांतल्या अनेक 'पारी' या संकेतस्थळाच्या संग्रहात सर्वांना वाचता-ऐकता येतात. एवढ्या बायांचे आवाज टिकले कारण त्यांची जबाबदारी एखाद्या कपाटावर नव्हती. कागदावर, ध्वनिफितीवर, मग संगणकावर त्या उतरत गेल्या. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी एक साधा हिशेब प्रचारात आणला: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आमच्या ४१ ओव्या आता घरच्या कॉम्प्युटरवर आहेत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत, आणि भोरला आतेभावाकडे आहेत. दर दिवाळीला तिन्ही ठिकाणच्या उघडून ऐकायच्या, असं ठरलं आहे.

तुमच्या घरी फराळाचे डबे काढताना कपाटात एखादा पेन ड्राइव्ह सापडेल. तो लावा, उघडतो का बघा, उघडला तर आज रात्रीच आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. उघडला नाही आणि फॉरमॅट करू का असं विचारलं गेलं, तर नाही म्हणा, ड्राइव्ह काढा, त्यात काहीही लिहू नका आणि जाणत्याकडे न्या.

आमच्या त्या पाच फाइल्समध्ये कोणत्या ओव्या होत्या, ते मी वहीतल्या यादीवरून शोधून काढलं आहे. आत्याबरोबर जात्यावर बसलेल्या दोघी जणी गावात अजून आहेत. तुळशीचं लग्न झालं की मी भाच्याला घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.